अनुनयाचे मानसशास्त्र

अनुनयाचे मानसशास्त्र ही सामाजिक मानसशास्त्रातील एक अभ्यासशाखा आहे. बळाचा वापर न करता माणसाचे मत, वृत्ती किंवा वर्तन कसे बदलते, याचा विचार तीत केला जातो. जाहिरात, विक्री, निवडणूक प्रचार आणि आरोग्यशिक्षण ही तिच्या उपयोजनाची प्रमुख क्षेत्रे होत. विक्रीच्या व्यवहारात या ज्ञानाचा वापर ग्राहकाला समजावून सांगण्यासाठी होतो, तसाच त्याला विचार करू न देण्यासाठीही होतो. कपटी विक्रीतंत्रे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. अशा तंत्रांना बळी पडणे हे मूर्खपणाचे लक्षण नसून एरवी उपयोगी पडणाऱ्या सवयींचा तो परिणाम असतो, असे संशोधनातून दिसून आले आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

अनुनय म्हणजे मन वळवणे. त्यात ऐकणाऱ्याला नकार देण्याचे स्वातंत्र्य असते. या अर्थाने शिक्षक, डॉक्टर, वकील आणि दुकानदार हे सर्वच अनुनय करतात. अनुनय आणि कपट यांतील सीमारेषा ठरवताना साधारणपणे तीन कसोट्या लावल्या जातात: दिलेली माहिती खरी आणि पुरेशी आहे का, विचारासाठी वेळ दिला आहे का आणि नकार देणे सोपे ठेवले आहे का. वस्तू चांगली असली, तरी या कसोट्यांना न उतरणारी विक्रीपद्धत कपटी ठरू शकते.

अभ्यासाचा इतिहास

या विषयाचा पद्धतशीर विचार प्राचीन ग्रीसमध्ये झाला. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथात वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद अशी अनुनयाची तीन साधने सांगितली. आधुनिक प्रायोगिक अभ्यासाला दुसऱ्या महायुद्धानंतर वेग आला. अमेरिकेतील येल विद्यापीठात कार्ल हॉवलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संदेश कोण देतो, काय देतो आणि तो कोणाला उद्देशून असतो, या घटकांचा स्वतंत्रपणे अभ्यास केला. त्यांचा प्रमुख ग्रंथ इ.स. १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.

अ‍ॅरिझोना राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी प्रयोगशाळेबाहेर पडून विक्रेते, जाहिरातदार आणि निधी जमवणारे यांच्या प्रशिक्षणवर्गांत ओळख न देता सुमारे तीन वर्षे भाग घेतला. त्यावर आधारित 'इन्फ्लुअन्स' हे त्यांचे पुस्तक इ.स. १९८४ मध्ये प्रकाशित झाले. परतफेड, वचनबद्धता, सामाजिक दाखला, आवड, अधिकार आणि दुर्मीळता ही सहा तत्त्वे त्यांनी त्यात मांडली. इ.स. २०१६ मध्ये त्यांनी 'एकत्वभाव' हे सातवे तत्त्व जोडले.

विचाराचे दोन मार्ग

रिचर्ड पेटी आणि जॉन कासिओपो यांनी इ.स. १९८६ मध्ये सविस्तर मांडलेल्या प्रारूपानुसार मन दोन मार्गांनी वळते. मध्यवर्ती मार्गात माणूस मुद्दे तपासतो. परिघीय मार्गात तो बोलणाऱ्याचा पेहराव, इतरांची पसंती, आकर्षक वेष्टन अशा खुणांवरून निर्णय घेतो. दुसरा मार्ग सदोष असतोच असे नाही. प्रत्येक वस्तूची तपासणी करत बसल्यास दैनंदिन जीवन अशक्य होईल. कपटी विक्रीतंत्रे मात्र ग्राहकाला थकवून, घाईत टाकून किंवा भावनावश करून मुद्दाम या दुसऱ्या मार्गावर ठेवतात.

प्रमुख विक्रीतंत्रे

परतफेडीची भावना: डेनिस रीगन यांच्या इ.स. १९७१ मधील प्रयोगात एका सहभागीने न मागता शीतपेयाची बाटली आणून दिली आणि नंतर सोडतीची तिकिटे विकत घेण्याची विनंती केली. शीतपेय मिळालेल्यांनी इतरांच्या सुमारे दुप्पट तिकिटे घेतली. देणारा माणूस फारसा न आवडलेल्यांनीही उपकार फेडला. साडीच्या दुकानात येणारा चहा, गादीवर उलगडलेल्या साड्यांचा ढीग आणि 'मोफत भेटवस्तू' घेण्यासाठी दांपत्याला हॉटेलात बोलावून केले जाणारे सहल-सदस्यत्वाचे सादरीकरण यांमागे हीच भावना असते. 'भीड ही भिकेची बहीण' ही मराठी म्हण याच दुबळेपणाकडे बोट दाखवते.

लहान होकारातून मोठा होकार: जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर यांनी इ.स. १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॅलिफोर्नियातील रहिवाशांना, वाहन जपून चालवण्याचा संदेश देणारा मोठा, ओबडधोबड फलक अंगणात लावू देण्याची विनंती करण्यात आली. थेट विचारले असता सुमारे १७ टक्के लोक तयार झाले. आधी त्याच विषयाची छोटी पाटी लावलेल्यांपैकी ७६ टक्के तयार झाले. एकदा होकार दिला की माणूस स्वतःची प्रतिमा त्याला जुळवून घेतो. अल्प रकमेचा इसार घेणे किंवा साधा अर्ज भरून घेणे ही याच तंत्राची रूपे होत.

नकारातून होकार: याच्या उलट पद्धतीत आधी अवाजवी मागणी करून नकार मिळवला जातो आणि मग खरी, लहान मागणी पुढे केली जाते. चाल्डिनी आणि सहकाऱ्यांच्या इ.स. १९७५ मधील अभ्यासात बालगुन्हेगारांना प्राणिसंग्रहालयात नेण्याच्या विनंतीला थेट विचारल्यावर सुमारे १७ टक्के, तर मोठ्या मागणीनंतर ५० टक्के विद्यार्थ्यांनी होकार दिला. विक्रेत्याने एक पाऊल मागे घेतल्यावर ग्राहकालाही एक पाऊल पुढे टाकावेसे वाटते.

आधारआकडा: ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांच्या इ.स. १९७४ मधील प्रसिद्ध लेखात एका फिरत्या चक्राचा प्रयोग वर्णिला आहे. चक्र १० वर थांबलेले पाहणाऱ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघातील आफ्रिकी देशांच्या प्रमाणाचा मध्यक अंदाज २५ टक्के, तर ६५ वर थांबलेले पाहणाऱ्यांनी ४५ टक्के दिला. चक्राचा प्रश्नाशी काहीच संबंध नव्हता. छापील किंमत खोडून तिच्याशेजारी लिहिलेली 'सवलतीची किंमत' अशीच काम करते.

दुर्मीळतेचा आभास: स्टीफन वर्चेल आणि सहकाऱ्यांच्या इ.स. १९७५ मधील प्रयोगात दहा बिस्किटांच्या बरणीतील बिस्किटापेक्षा दोनच बिस्किटांच्या बरणीतील बिस्किट अधिक हवेसे वाटले. मात्र ते अधिक चविष्ट असल्याचे कोणी म्हटले नाही. दुर्मीळतेने वस्तू मिळवण्याची ओढ वाढते, तिची गुणवत्ता वाढत नाही. 'फक्त आजच', 'दोनच सदनिका शिल्लक' या घोषणांचे बळ यातच असते.

अधिकार आणि जवळीक: ओळखीच्या संस्थेत बसलेला कर्मचारी, नात्यातील विमा प्रतिनिधी किंवा समाजबांधव यांच्यावर ठेवलेला विश्वास ग्राहक नकळत वस्तूवरही ठेवतो. मुदत ठेव करण्यासाठी आलेल्या ज्येष्ठ नागरिकाला दीर्घ मुदतीची विमा पॉलिसी दिली जाण्याचे प्रकार याच विश्वासावर घडतात. त्यात आयुष्यभराची बचत ऐन गरजेच्या काळात अडकून पडते. साखळी विक्रीच्या योजनाही अनेकदा नात्यागोत्यातूनच पसरतात.

प्रतिकार

विल्यम मॅग्वायर यांनी इ.स. १९६० नंतरच्या दशकात लसीकरणाचा सिद्धान्त मांडला. रोगाचे सौम्य जंतू टोचल्याने शरीर सज्ज होते, त्याप्रमाणे विरोधी युक्तिवादाचा सौम्य नमुना आणि त्याचे खंडन आधी समोर आल्यास मन पुढील माऱ्यासाठी सज्ज होते. इ.स. १९९४ मध्ये मॅरियन फ्रीस्टाड आणि पीटर राइट यांनी दाखवून दिले की ग्राहक विक्रेत्यांच्या युक्त्यांविषयी अनुभवातून ज्ञान साठवत जातो आणि युक्ती ओळखताच संदेशाचा अर्थ त्याच्या दृष्टीने बदलतो.

केवळ ज्ञान मात्र पुरे पडत नाही. ब्रॅड सॅगरिन, चाल्डिनी आणि सहकाऱ्यांच्या इ.स. २००२ मधील अभ्यासात, खोट्या तज्ज्ञांच्या जाहिराती कशा ओळखाव्यात हे विद्यार्थ्यांना शिकवण्यात आले. आपण स्वतःही फसलो होतो, याची प्रत्यक्ष जाणीव करून दिल्यावर हा प्रतिकार अधिक प्रभावी ठरला. 'इतर फसतात, मी नाही' हा समज प्रतिकारातील मोठा अडथळा असतो.

या संशोधनाच्या आधारे काही व्यावहारिक उपाय सुचवले जातात. खरेदीची मर्यादा दुकानात जाण्यापूर्वी ठरवणे. भेटवस्तू आणि प्रस्ताव यांचा स्वतंत्र विचार करणे. तोंडी आश्वासन लेखी मागणे. व्यवहाराशी संबंध नसलेल्या व्यक्तीचा सल्ला घेणे. आणि सही करण्यापूर्वी किमान एक रात्र जाऊ देणे, हे त्यांपैकी प्रमुख होत. 'घरी विचारून सांगतो' या साध्या वाक्याने दडपणाच्या क्षणापासून सुटका होते. प्रामाणिक प्रस्तावाला एका दिवसाचा विलंब सहसा बाधत नाही. घाईवर उभ्या असलेल्या प्रस्तावाला तो परवडत नाही.

भारतातील कायदेशीर संरक्षण

पुण्यात इ.स. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू झाली. पुढे इ.स. १९८६ मध्ये देशात ग्राहक संरक्षण कायदा संमत झाला. त्याची जागा घेणारा इ.स. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागला. त्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि अनुचित व्यापारी प्रथा यांविरुद्ध तरतुदी असून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची स्थापना त्याअन्वये झाली.

थेट विक्रीविषयक इ.स. २०२१ च्या नियमांनुसार पिरॅमिड योजनांना मनाई आहे आणि थेट विक्रेत्याला ओळखपत्र तसेच पूर्वपरवानगीशिवाय ग्राहकाच्या घरी जाता येत नाही. प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी संकेतस्थळे आणि ॲपवरील १३ फसव्या रचनांची यादी जाहीर केली. खोटी घाई, टोपलीत न मागितलेली वस्तू टाकणे, नकार देणाऱ्याला लाजवणे आणि वर्गणीच्या जाळ्यात अडकवणे यांचा तीत समावेश आहे. आयुर्विमा पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करण्याचा हक्क विमाधारकाला असतो. काही वजावट होऊन हप्त्याची रक्कम परत मिळते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मर्यादा आणि टीका

या क्षेत्रातील अनेक प्रयोग अमेरिकी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर झालेले असल्याने त्यांचे निष्कर्ष सर्व समाजांना जसेच्या तसे लागू होतात असे नाही. लहान होकाराच्या तंत्राचा परिणाम नंतरच्या एकत्रित विश्लेषणांत मूळ प्रयोगाइतका मोठा आढळला नाही. प्रतिकाराची सर्व जबाबदारी ग्राहकावर टाकणे अन्यायाचे आहे, असाही आक्षेप घेतला जातो. थकवा, आजारपण, एकटेपणा किंवा आर्थिक चिंता यांनी ग्रासलेल्या माणसाला युक्ती ओळखूनही नकार देणे जड जाते. म्हणून ग्राहकशिक्षणाच्या जोडीला कायद्याची प्रभावी अंमलबजावणी आवश्यक मानली जाते.