कार्ल्याच्या माळावर पलटण उतरते

१८४० साल, पौष महिना. खंडाळ्याहून अंधारात निघालेली पलटण अजून दिसत नाही. पण पुढे धाडलेल्या लोकांनी कार्ल्याच्या माळावर निशाणं रोवून जागा आखूनही टाकली आहे. शिपायांच्या राहुट्या कुठे, साहेबलोकांचे तंबू कुठे, बाजार कुठे, सगळं ठरलेलं. इंद्रायणी जवळ, जमीन सपाट आणि गवत-लाकूड मागायला गाव शेजारी. पडावाला आणखी काय लागतं? समोरचे लोहगड आणि विसापूर हे किल्ले ईस्ट इंडिया कंपनीने १८१८ मध्येच घेतलेत, त्यामुळे गडांकडे कोणी मान वर करूनही बघत नाही.

तांबडे डगले येतात आणि नुसतेच उभे राहतात. राहुट्या मागे छकड्यांवर आहेत. रात्रभर दंव पिऊन कापड असं जड झालंय, की बैल पावला-पावलाला थांबतात. तुमच्या पुढ्यातल्या बैलाच्या मानेवर जुवाने सोललं आहे. गाडीवान त्यावर हळद-तेल थापतो, माशा हाकलतो आणि तासाभरात पुन्हा तीच मान जुवाखाली जाणार म्हणून हळू आवाजात कोणाला तरी शिव्या घालतो.

पलटण ज्या मुंबई-पुणे रस्त्याने आली, त्याचं श्रेय साहेबांच्या नावावर आहे. जनरल वेलस्लीने १८०४ मध्ये बोरघाटातून तोफा जातील इतपत वाट केली. गव्हर्नर माल्कमने १० नोव्हेंबर १८३० ला गाडीरस्ता थाटात खुला केला. बैलांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, ते एक सोडा. पण गाडीवान, पखालवाले, खलाशी, घोड्यांचे मोतद्दार, धोबी, वाणी, शिपायांच्या बायका-पोरं? लढणाऱ्यांपेक्षा ही माणसं जास्त भरतील. ती नसतील तर लढणारा दुपारपर्यंत उपाशी.

खलाशी मेखा ठोकू लागतात, तणावे ताणले जातात आणि उघड्या माळावर बघता बघता गल्ल्या उभ्या राहतात. चुलींकडे जरूर बघा. मुंबईच्या पलटणीत मराठे, महार, उत्तरेकडचे परदेशी, कोकणातले बेने इस्राएल एकाच रांगेत बंदूक धरतात. महिन्याचे सात रुपयेही सगळ्यांना सारखेच. पीठ मळायची वेळ आली की मात्र तीन-तीन दगडांच्या चुली एकमेकींपासून सरकतात. कवायतीने जे एकत्र आणलं, ते भाकरीपाशी पुन्हा वेगळं होतं.

एक म्हातारा हवालदार पोरसवद्या शिपायांना इष्टुर फाकड्याची गोष्ट सांगत बसलाय. हा फाकडा म्हणजे इंग्रजांचा कॅप्टन स्टुअर्ट, १७७९ च्या जानेवारीत इथेच कार्ल्याला पडला. त्याच महिन्यात पुढे वडगावला इंग्रजांना मराठ्यांपुढे तह करावा लागला. उद्या पलटण त्याच वडगावावरून जाणार आहे. गोष्ट सांगणारा कंपनीचं मीठ खातो, पण मराठ्यांच्या तोफा धडाडतात तिथे त्याचा आवाज चढतो.

“ए, उभा काय राहिलास? भारा उचल!”

ही हाक तुम्हाला आहे. तुमचे कपडे लष्करी नाहीत, म्हणजे तुम्ही गावचे, म्हणजे वेठीचे. पाटील खाली मान घालून उभा आहे. गवत, सरपण, छकडे, वाटाडे, सगळं त्यानेच हजर करायचं. दाम मिळतो असं म्हणतात. तो वाटेत किती हातांना चिकटतो, ते मात्र कोणी म्हणत नाही. शेजारचा महार गडी तुम्हाला चुंबळ कशी वळायची ते दाखवतो. या कामाला सगळ्यांत आधी हाक त्याच्याच वस्तीला येते. “मान ताठ ठेवा, नायतर दुपारपर्यंत दुखंल.”

रेल्वे पुरा घाट चढायला अजून तेवीस वर्षं आहेत. तोवर सगळं असंच, डोक्यावर आणि बैलावर.

रात्री तीनच्या सुमारास बिगूल होतो. राहुट्या पुन्हा दंवाने ओल्याच गुंडाळल्या जातात. कंदील हलतात, उंट उठायला नकार देऊन बसून राहतो, कोणाचं तरी पोर रडतं. तुम्ही आणि तो महार गडी पुढे वाट दाखवत निघता. वेशीपलीकडे पुढच्या गावचा माणूस कांबळं पांघरून उभा आहे. तो तुमच्या डोक्यावरचं ओझं हातानेच तोलून बघतो आणि भांडायलाच लागतो: “एवढं? आमच्याकडे कालच दुसरी पलटण येऊन गेली!”