कतारहून करोल बागेपर्यंत : द्रवरूप नैसर्गिक वायूचा प्रवास

नवी दिल्ली : करोल बागेतील घरांत नळाने येणारा स्वयंपाकाचा वायू ‘इंद्रप्रस्थ गॅस लिमिटेड’ पुरवते. घरगुती वापरासाठी देशांतर्गत उत्पादनाला प्राधान्य असले, तरी भारताची नैसर्गिक वायूची जवळपास निम्मी गरज आयातीवर भागते. ही आयात समुद्रमार्गे, द्रवरूपात होते.

नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यत्वे मिथेन, उणे १६२ अंश सेल्सियसपर्यंत थंड केल्यावर द्रवरूप होतो आणि त्याचे आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटते. त्यामुळे जहाजाने त्याची वाहतूक परवडते. उष्णतारोधक टाक्यांतूनही थोडा द्रव वाटेत उकळतो. तो वायू बहुधा जहाजाच्या इंजिनातच इंधन म्हणून वापरला जातो. बंदरावर उष्णता देऊन द्रवाचे पुन्हा वायूत रूपांतर केले जाते आणि तो वाहिनीत सोडला जातो.

‘पेट्रोनेट एलएनजी’चे गुजरातमधील दहेज टर्मिनल २००४ मध्ये सुरू झाले. देशातील हे पहिले टर्मिनल. तेथील वायू मध्य प्रदेशातील विजयपूरमार्गे उत्तर भारतात पोहोचतो.

महाराष्ट्राचा अनुभव मात्र खडतर ठरला. गुहागर तालुक्यातील एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, तेव्हा तेथील टर्मिनल अपुरेच होते. २००५ मध्ये स्थापन झालेल्या ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ कंपनीकडे प्रकल्प गेला आणि २०१३ मध्ये टर्मिनल कार्यान्वित झाले. तथापि, लाटारोधक बंधारा अपूर्ण राहिल्याने पुढेही अनेक वर्षे पावसाळ्यात तेथे जहाजे लागू शकत नव्हती.

आयातीतील खरा प्रश्न दराचा आणि शाश्वतीचा आहे. दीर्घकालीन करारांतील दर सहसा खनिज तेलाच्या किमतीशी जोडलेले असतात. तात्काळ खरेदीचे दर मात्र बाजारानुसार उसळतात. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धानंतर युरोपने या वायूची मोठी खरेदी केली, दर भडकले आणि भारताला आयात कमी करावी लागली. कतार हा भारताचा सर्वांत मोठा पुरवठादार असून तेथून निघणारी जहाजे होर्मुझच्या सामुद्रधुनीतूनच येतात. त्यामुळे तेथील तणावाची झळ भारतालाही बसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गोव्यातील ‘इंडिया एनर्जी वीक’मध्ये पेट्रोनेटने कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०४८ पर्यंत वाढवला. त्यामुळे पुरवठ्याला आधार मिळाला. सागरी मार्गाची जोखीम मात्र कायम आहे.