खुराक आणि मेहनत

मी कोल्हापुरातून, राजारामपुरीतून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून आठवड्यातले चार दिवस मी गावोगाव फिरत असते. माझं तुमच्याशी बोलणं म्हणजे हप्ता, व्याज आणि पासबुक. आज मात्र मी एका वेगळ्या जमा-खर्चाबद्दल बोलणार आहे. तो आपल्या लेकरांच्या अंगाचा आहे.

मागच्या पावसाळ्यात एका गटाच्या बैठकीला एक ताई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मूल अंगानं भरलेलं, गालावर खळी. बायकांनी लगेच कौतुक सुरू केलं. "खात्यापित्या घरचं लेकरू हाय बघा!" एक मावशी म्हणाल्या, "टिक्का लाव गं, नजर लागंल." मुलगा मान खाली घालून आईच्या मागं सरकला. बैठक संपल्यावर ताईंनी मला बाजूला घेतलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, पोरगं शाळेला जाईना झालंय. पोरं ढोल्या म्हणत्यात. डॉक्टर तपासायला आलेले, उंचीच्या मानानं वजन लई हाय म्हणाले. घरात आत्याबाई म्हणत्यात, पोराच्या खाण्याला नाट लावू नको. मी काय करू?"

परतीच्या एसटीत तेच डोक्यात घोळत होतं. एकाच मुलाचं ओसरीवर कौतुक होतं आणि शाळेत हेटाळणी. दोन्हीकडं बघितलं जातं ते त्याचं अंग. त्याच्या तब्येतीचा विचार करायचा राहूनच जातो. हे असं का झालं, ते समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

आधी भुकेची गोष्ट. माझ्या आजीचं माहेर आटपाडीकडचं. १९७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिलो. त्या भाकरीचा रंग आणि चव ती मरेपर्यंत विसरली नाही. त्याच्याही आधी, १८९६-९७ च्या दुष्काळात, राजर्षी शाहू महाराजांना कोल्हापूर संस्थानात स्वस्त धान्याची दुकानं उघडावी लागली होती. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी लेकरांच्या बरगड्या मोजता येतील असे दिवस बघितलेत. अशा बाईला नातवाच्या दंडावर चरबी दिसली की तिला घर तरलं असं वाटतं. तिला अडाणी म्हणून कसं चालेल? तिनं जे सोसलं, त्यातूनच ती बोलते.

मग २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि पुढं गावोगाव अंगणवाडी आली. अंगणवाडीत वजनकाटा आला. काट्यावर आकडा वाढला की ताई खूश, आई खूश. ते बरोबरच होतं, कारण तेव्हा धोका एकाच बाजूला होता. पण त्या काट्यानं आपल्याला नकळत एक सवय लावली. वजन वाढलं म्हणजे चांगलं, एवढंच आपण शिकलो.

आता दुसरी गोष्ट, तालमीची. कोल्हापूरच्या माणसाला ती वगळून अंगाबद्दल बोलताच येत नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. १९०२ मध्ये विलायतेला गेले असताना त्यांनी रोमचं जुनं क्रीडांगण पाहिलं आणि तसंच मैदान इथं बांधायचं मनात धरलं, असं सांगतात. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत गावागावांतली पोरं येऊन राहिली. 'खुराक' हा शब्द आपल्या घरात आला तो तिथूनच. दूध, तूप, बदाम, थंडाई. आजही पोरगं जेवत नसलं की आपण म्हणतो, "खुराक पाहिजे त्याला."

पण तालमीत खुराक कधी मिळायचा? पहाटे अंधारात उठायचं. जोर मारायचे, बैठका काढायच्या, हौद्यातली माती उकरायची, लढती करायच्या. अंगातून घाम गळून माती ओली झाली की मग खुराक. आणि किती द्यायचा ते वस्ताद ठरवायचा. पोराचं वय, वजन, मेहनत बघून. सगळ्यांना एकच माप नसायचं. मेहनत सुटली आणि खुराक तसाच राहिला की पैलवानाचंही अंग सुटतं, हे तालमीतली जुनी माणसं आजही सांगतात.

अजून एक सांगते. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी मिळवून दिलं. ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. ते कुठल्या वजनगटात खेळले माहीत आहे? ५७ किलोच्या. आपल्या गटातल्या कितीतरी जणींचं वजन त्याहून जास्त असेल. ताकद म्हणजे जाडी नव्हे, हे आपल्याच मातीतल्या माणसानं दाखवून दिलं होतं.

मग चुकलं कुठं? मला वाटतं, आपण तालमीतला खुराक घरी आणला आणि मेहनत तिथंच ठेवली. हे काही एका दिवसात झालं नाही. १९६३ मध्ये जिल्हा दूध संघ, आपला गोकुळ, सुरू झाला आणि दुधाचा पैसा थेट घरात येऊ लागला. ऊस वाढला, हातात चार पैसे आले. ते चांगलंच झालं, त्यावर कितीतरी मुली शिकल्या. पण १९९१ नंतर बाजार बदलला. पाच-पाच रुपयांच्या पुड्या गावातल्या शेवटच्या टपरीपर्यंत पोचल्या. शेंगदाणे-गुळाची जागा पुडीनं घेतली, ताकाची जागा रंगीत बाटलीनं. दोनशे मिलीच्या एका थंड पेयाच्या बाटलीत वीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे साधारण चार-पाच छोटे चमचे. चहात एवढी साखर कुणी घातली तर आपण तोंड वाकडं करू.

आणि मेहनत? आमच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नंबर आहेत, पहिली गल्ली, दुसरी गल्ली असे. मी लहान असताना लगोरीचा डाव एका गल्लीत सुरू व्हायचा आणि दुसऱ्या गल्लीत संपायचा. आता त्याच गल्ल्यांत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात. गावातही शाळेला पायी जाणारी मुलं कमी झाली, दारात रिक्षा येते. मार्च २०२० मध्ये करोनामुळं शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाईल हातात आला. शाळा उघडल्या, पण मोबाईल हातातच राहिला. मुलींचं तर आधीपासूनच वेगळं होतं. तालीम मुलांची, आणि मुलगी जरा मोठी झाली की "पळू नको, उड्या मारू नको." आज जिल्ह्यातल्या मुली आखाड्यात उतरतायत, पण घराघरांतली मुलगी अजून अंगणातसुद्धा पळत नाही.

तुम्ही म्हणाल, "मॅडम, हे शहरातल्या श्रीमंतांचं दुखणं. आमच्याकडं अजून पोरं वाळकीच जास्त." खरं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २०१९-२१ मध्ये देशातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुलं वयाच्या मानानं बुटकी होती. पण त्याच वयाच्या जादा वजनाच्या मुलांचं प्रमाणही २०१५-१६ मधल्या २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेलं. दोन्ही गोष्टी एकाच गावात, कधी कधी एकाच घरात दिसतात.

आणि त्या दोन्हींचा एकमेकींशी संबंध आहे. तो शोधला आपल्याच महाराष्ट्रातल्या गावांनी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. त्या बायका तुमच्या-माझ्यासारख्याच, शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या. त्यांच्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो निघालं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान होती, त्यांचे स्नायू कमी होते. पण अंगातली चरबी मात्र त्या मानानं कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबी. शिवाय पुण्यातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की जी मुलं जन्मताना लहान होती आणि आठव्या वर्षापर्यंत अंगानं खूप वाढली, त्यांच्यात पुढं मधुमेह आणि हृदयविकाराकडं नेणाऱ्या खुणा सगळ्यांत जास्त होत्या.

मैत्रिणींनो, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. कमी वजनाच्या तान्ह्या बाळाला उपाशी ठेवा असा अजिबात नाही. त्याला आईचं दूध आणि सहा महिन्यांनंतर सकस वरचं खाणं मिळालंच पाहिजे. अर्थ असा, की लहानपणीची उणीव पुढं बिस्किटं आणि पुड्या घालून भरून निघत नाही. आणि मुलाच्या तब्येतीची सुरुवात त्याच्या आईच्या ताटापासून होते. सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाणारी सून आणि दूध भावाला देऊन स्वतः कोरा चहा पिणारी मुलगी, यांच्या ताटात डाळ, पालेभाजी, दूध, अंडं पडलं तर पुढच्या पिढीचा पाया भरेल.

आता त्या ताईंकडं परत येते. आम्ही काय केलं? फार मोठं काही नाही. आधी डॉक्टरांना भेटलो. शाळा-अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासायला येतं, त्यांनी चिठ्ठी दिली तर ती कपाटात ठेवू नका. डॉक्टरांनी सांगितलं, वाढत्या मुलाला उपास घडवायचा नाही, जेवण तोडायचं नाही. वजन तिथंच थांबलं आणि उंची वाढत गेली, तरी पुष्कळ झालं.

मग घराचं ठरलं. एकट्या मुलाचं नाही. त्याच्या ताटात कोरडी भाकरी आणि बहिणीच्या हातात वेफर्स, असं केलं तर ती शिक्षा होते. म्हणून पुडी आणि बाटली घरात आणायचीच बंद, बापासाठीसुद्धा. भूक लागली की फुटाणे, उकडलेल्या शेंगा, पेरू, काकडी, ताक. जेवताना मोबाईल नाही, आजीनं गोष्ट सांगायची. आत्याबाईंना काम मिळालं आणि नाट लावण्याचं बोलणं आपोआप थांबलं. रात्री लवकर झोप. रोज एक तास अंग हलेल असा खेळ, कारण मुलांना दिवसाला निदान साठ मिनिटं मेहनत हवी, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. बाप संध्याकाळी वैरणीला जाताना मुलाला चालत बरोबर नेऊ लागला. आणि घरात कुणीही त्याला जाड्या, ढोल्या म्हणायचं नाही, लाडानंसुद्धा नाही. शाळेतल्या बाईंना भेटून आईनं तेच सांगितलं. वस्ताद पोराला हसत नाही, त्याच्याकडून मेहनत करून घेतो.

बैठकीत आम्हीही बदल केला. चहाबरोबर फरसाण यायचं, तिथं आता शेंगा येतात. लेकरं आमच्याकडं बघूनच शिकतात.

मुलगा बारीक झाला का? अजून तसा नाही. गेल्या महिन्यात गेले तेव्हा त्याचं वजन किती ते मी विचारलंही नाही. तो गोठ्यामागं पोरांबरोबर लगोरी खेळत होता, शर्ट घामानं भिजलेला. आई म्हणाली, "आता शाळेला न सांगता जातंय." मला तेवढं पुरे होतं.

जाता जाता एक काम देते. पुढच्या बैठकीला हिशोबाच्या वहीचं एक कोरं पान काढा. डाव्या बाजूला लिहा, या आठवड्यात घरात पुड्या आणि बाटल्यांवर किती रुपये गेले. उजव्या बाजूला लिहा, लेकरू रोज किती वेळ खेळलं, मुलगा आणि मुलगी दोघंही. कुणाला दाखवायचं नाही, कुणाला बोल लावायचा नाही. फक्त बघायचं, कुठली बाजू जड आहे. हिशोब कसा जुळवायचा ते तुम्हाला मी शिकवायला नको.