दीनार : एका लॅटिन शब्दाचा माळव्यातील मुक्काम



इंदुरात मराठीच्या शुद्धतेचा विषय निघाला, की परक्या शब्दांना हद्दपार करण्याची भाषा सुरू होते. हिंदीच्या शेजारात वाढलेल्या आपणा मंडळींना तो प्रश्न अधिकच बोचतो. म्हणून आज मी असा शब्द निवडला आहे, की ज्याच्या परकेपणाचा संशय सहसा कोणास येत नाही : दीनार.

लॅटिनमध्ये ‘डेनी’ म्हणजे दहा-दहा. त्यावरून ‘डेनारिउस’, दहा ‘आस’ मोलाचे चांदीचे नाणे. इ. स. पूर्व २११ च्या सुमारास ते रोममध्ये पाडले जाऊ लागले. पुढे त्याचे मोल सोळा आस झाले, तरी नावातले दहा कायम राहिले. (नावे अशीच हट्टी असतात.) १९७१ पर्यंत ब्रिटिश हिशेबात पेनीसाठी लिहीत ते ‘डी’ अक्षर याच शब्दाचे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की भडोच बंदरात सोन्याचांदीची रोमन नाणी उतरत आणि स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा देत. त्याच भडोचला उज्जयिनीचा माल जाई. गुप्तकाळापर्यंत दीनार हे आपल्याकडील सोन्याच्या नाण्याचे नाव झाले होते. अमरकोशाने त्याला ‘निष्क’ शब्दाच्या अर्थांत स्थान दिले. उणादिसूत्रांनी तर त्याला ‘दीङ्’, म्हणजे क्षय पावणे, या धातूपासून जन्मास घातले! पैशाला तो धातू शोभतो खरा. पण इतिहास म्हणून ही व्युत्पत्ती मला मान्य करता येत नाही. शब्द किती मुरला होता, याचा मात्र याहून चांगला पुरावा नाही.

पूर्व माळव्यातील सांचीस गुप्त संवत् १३१ चा, म्हणजे इ. स. ४५०-५१ चा, शिलालेख आहे. त्यात हा ‘क्षया’तून जन्मलेला शब्द चक्क ‘अक्षयनीवी’त, न मोडावयाच्या ठेवीत, येऊन बसला आहे. हरिस्वामिनी नावाच्या उपासिकेने आईवडिलांप्रीत्यर्थ तेथील विहारास बारा दीनार दिले. मुद्दल तसेच ठेवून व्याजातून रोज एका भिक्षूस भोजन घालावयाचे. आपल्या शाळांचे स्मृतिनिधी चालतात, तीच ही रीत. आणखी तीन दीनार रत्नगृहातील तीन दिव्यांसाठी, आणि एक दीनार चार बुद्धमूर्तींच्या स्थानी रोज लावावयाच्या एका दिव्यासाठी.