डीव्हीडीतील चित्रफीत टॅबलेटवर : रूपांतराची पद्धत आणि काही सूचना

मुदखेड जंक्शनच्या रहिवाशांना रूपांतर म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगण्याची गरज नसावी. निजामाच्या राजवटीत टाकलेला हैदराबाद-मनमाड लोहमार्ग १९०० च्या सुमारास मीटरगेज म्हणून सुरू झाला. त्याच्या दोन रुळांतील अंतर १,००० मिलिमीटर, तर ब्रॉडगेजचे १,६७६. त्यामुळे मराठवाड्यातून निघालेला माल मनमाडला पोहोचला की एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. माल तोच, डबा निराळा. पुढे टप्प्याटप्प्याने सारा मार्गच ब्रॉडगेज झाला आणि जुन्या डब्यांना रूळ उरला नाही. घरोघरच्या डीव्हीडींची आज नेमकी हीच अवस्था झाली आहे.

डीव्हीडीचे तंत्र १९९५ साली निश्चित झाले. आपल्याकडे २००० नंतरच्या दशकात लग्नाचे छायाचित्रण करणारे स्टुडिओ व्हिडिओ कॅसेटऐवजी आधी व्हीसीडी आणि मग डीव्हीडी देऊ लागले. बाप्तिस्मा, विवाह, गुरुदीक्षा, आजी-आजोबांच्या लग्नाची पन्नाशी, असे कितीतरी प्रसंग या चकत्यांवर उतरले आणि ट्रंकेत किंवा कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसले. आता घरातला प्लेअर बिघडलेला असतो व दुरुस्त करणारा सापडत नाही. नव्या लॅपटॉपला चकती घालण्याची खाचच नसते. टॅबलेट मात्र बहुतेक घरांत आहे किंवा मुलाने पुण्याहून पाठवलेला आहे. खाटेवर बसलेल्या आजीला तो हातात धरून पाहता येतो, चित्र थांबवता येते, मोठे करता येते. म्हणून हा लेख.

चकतीत काय असते

डीव्हीडी संगणकात घातल्यावर तीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे एक दालन दिसते. त्यात ‘व्हीओबी’ हे शेपूट असलेल्या मोठ्या फाइली असतात. चित्र व ध्वनी त्यांतच असतो. प्रत्येक फाइल सुमारे १ गिगाबाइटला तोडलेली असते. बाकीच्या लहान फाइली म्हणजे कोणता भाग कोठून सुरू होतो हे सांगणारी अनुक्रमणिका. एकेरी थराच्या चकतीवर ४.७ आणि दुहेरी थराच्या चकतीवर ८.५ गिगाबाइट मजकूर मावतो.

पुष्कळजण व्हीओबी फाइली तशाच टॅबलेटवर उतरवतात आणि त्या चालत नाहीत म्हणून निराश होतात. कारण असे की डीव्हीडीतील चित्र एमपेग-२ या जुन्या पद्धतीने दाबून बसवलेले असते, तर टॅबलेटची घडण एच.२६४ या २००३ साली आलेल्या पद्धतीसाठी केलेली असते. व्हीएलसी हे मोफत ॲप टॅबलेटवर घातले तर व्हीओबी फाइलही बहुधा दिसते. परंतु तुकडे जोडलेले नसतात, जागा फार लागते आणि बॅटरी लवकर उतरते. तातडीच्या वेळी एवढे पुरे. कायमची सोय हवी असेल, तर रूपांतर करावे.

व्हीसीडी ही निराळी वस्तू आहे. तिच्यात ‘एमपेगएव्ही’ दालनात ‘डॅट’ फाइल असते व चित्र अवघे ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते. ती व्हीएलसीत चालते. चित्र धूसर दिसले तर दोष रूपांतराचा नव्हे, मुळातच तेवढे होते.

आधी चकती वाचवावी

स्टुडिओने दिलेली चकती आणि दुकानातून विकत घेतलेल्या चित्रपटाची चकती यांत मोठा फरक आहे. चित्रपटाची चकती कारखान्यात साच्यावर दाबून काढलेली असते. स्टुडिओची चकती मात्र लेसर किरणाने रंगद्रव्याच्या थरावर जाळून लिहिलेली असते. उलटी करून पाहिल्यास बहुधा जांभळट झाक दिसते. हे रंगद्रव्य ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हळूहळू बिघडते. नांदेड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो, पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर त्याहूनही अधिक. अशा जागी अठरा-वीस वर्षे पडलेल्या चकतीचे आयुष्य किती उरले, हे चकतीकडे पाहून सांगता येत नाही. तेव्हा ज्यांना हे काम ‘पुढे कधीतरी’ करायचे आहे, त्यांनी निदान स्टुडिओच्या चकत्या तरी आधी हाती घ्याव्यात. विकतचा चित्रपट पुन्हा मिळू शकतो.

मुदखेडच्या एका घरातून माझ्याकडे अशीच एक चकती आली होती. २००६ सालचे मुलीचे लग्न. वडील नंतर वारले; त्यांचा आवाज असलेली घरात दुसरी कोणतीही वस्तू नव्हती. स्वागत समारंभात ते चार शब्द बोलले होते, आणि चकती नेमकी त्याच्या थोडे आधी अडकत होती. माझ्या संगणकावर ती वाचली गेली नाही. एका शिक्षकाच्या जुन्या संगणकावरही नाही. तिसऱ्या ठिकाणी, धूळ खात पडलेल्या एका डेस्कटॉपवर, ती सबंध उतरली. यात चमत्कार काही नाही. प्रत्येक यंत्राच्या लेसरची पकड थोडी वेगळी असते. एकाने नाकारलेली चकती दुसरे यंत्र स्वीकारते. एवढ्यासाठी एका अपयशावर चकती टाकून देऊ नये.

चकती पुसताना मऊ सुती कापड घ्यावे आणि मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावे. गोल गोल पुसल्यास उठणारा ओरखडा लिखाणाच्या वळणानेच जातो व एकाच ठिकाणची पुष्कळ माहिती गिळतो. टूथपेस्ट लावून घासण्याचा उपाय अनेकजण सांगतात. ज्या चकतीची दुसरी प्रत नाही, तिच्यावर हा प्रयोग करू नये. वर चिकटवलेला कागद निघत असेल तर ओढून काढू नये.

त्यानंतर रूपांतराच्या आधी ‘व्हिडिओ टीएस’ हे सबंध दालन संगणकाच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावे. म्हाताऱ्या चकतीला एकदाच फिरवावे, पुढचे सारे काम प्रतीवर करावे. उतरवताना मध्येच अडले, तर वाचता येणारा भाग आधी घेऊन बिघडलेल्या जागी पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारी ‘डीडीरेस्क्यू’सारखी साधने आहेत. त्यांना रात्रभर वेळ द्यावा लागतो.

ज्यांच्या संगणकाला खाच नाही, त्यांनी यूएसबीने जोडायचे बाहेरचे डीव्हीडी यंत्र घ्यावे. ते संगणकालाच जोडायचे आहे; टॅबलेटच्या तोंडातून त्याला पुरेशी वीज बहुधा मिळत नाही. आणखी एक अडचण आठ सेंटिमीटरच्या लहान चकत्यांची. काही हँडीकॅममध्ये त्या वापरत. तबकाच्या यंत्रात त्या मधल्या खोलगट भागात बसतात. ज्या यंत्रात चकती नुसती आत ढकलायची असते, त्यात त्या घालू नयेत, अडकून पडतात. शिवाय अशा चकत्या शेवटी ‘फायनलाइज’ केलेल्या नसल्या, तर संगणकाला त्या कोऱ्या वाटतात. तो हँडीकॅम घरात चालू असेल, तर त्यातच हे राहिलेले काम आधी पुरे करावे.

प्रत्यक्ष रूपांतर

यासाठी ‘हँडब्रेक’ हे मोफत साधन सर्वांत सोयीचे वाटते. ते २००३ सालापासून आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. ते उघडून आपण उतरवलेले दालन दाखवावे. मग ‘टायटल’ या शीर्षकाखाली चकतीतील भागांची यादी कालावधीसह येते. सर्वांत लांब भाग तो मुख्य कार्यक्रम. मिनिट-दीड मिनिटाचे भाग म्हणजे स्टुडिओची जाहिरात किंवा गुलाबाच्या पाकळ्या उडणारी सुरुवात. (त्या काळच्या स्टुडिओंना हृदयाच्या आकाराच्या चौकटीचे फार वेड होते. असो.)

भारतात डीव्हीडी पाल पद्धतीची असते, म्हणजे ५७६ आडव्या रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे. म्हणून तयार मांडण्यांपैकी ‘फास्ट ५७६पी२५’ ही निवडावी. अमेरिकेतील नातेवाइकांनी पाठवलेली चकती असेल तर तिथली पद्धत ४८० रेषांची आहे, त्यानुसार निवड करावी. रेषा वाढवून ‘एचडी’ करण्याच्या मोहात पडू नये. मुळात नसलेला तपशील येत नाही, फाइल मात्र फुगते.

पुढची गोष्ट चेहऱ्यांची. त्या काळचे बहुतेक चित्रण चारास तीन या प्रमाणात आहे, टॅबलेटचा पडदा मात्र पुष्कळदा रुंद असतो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर दिसू द्यावेत. पडदा भरावा म्हणून चित्र ताणले की वधूसह सगळे वऱ्हाड बुटके आणि गोल दिसू लागते.

हालचालीच्या वेळी कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात का, हेही पाहावे. जुन्या टीव्हीसाठी प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत घेत, त्याची ती खूण आहे. ‘फिल्टर्स’मध्ये ‘डीइंटरलेस’ हा पर्याय सुरू केला की त्या जातात. दर्जाचा आकडा ‘आरएफ’ या नावाने असतो आणि तो उलटा चालतो : आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला व फाइल मोठी. डीव्हीडीसाठी १८ ते २२ योग्य. २० वर ठेवल्यास ४.७ गिगाबाइटची भरलेली चकती साधारणतः एक-दीड गिगाबाइटवर येते.

फाइल एमपी-४ प्रकारची आणि चित्र एच.२६४ मध्ये ठेवावे. एच.२६५ मध्ये जागा कमी लागते, पण जुन्या टॅबलेटवर ते अडखळते. जुन्या संगणकावर तीन तासांच्या लग्नाला तीन तास किंवा अधिकही लागू शकतात आणि मध्ये वीज गेली तर अर्धवट एमपी-४ फाइल सहसा उघडत नाही. जेथे विजेचा भरवसा नाही, तेथे बॅटरी धरणाऱ्या लॅपटॉपवरच हे काम करावे.

तयार फाइल केबलने किंवा मेमरी कार्डाने टॅबलेटवर न्यावी. कार्ड ‘फॅट ३२’ पद्धतीचे असेल तर ४ गिगाबाइटहून मोठी फाइल त्यावर चढत नाही. कार्डात जागा असूनही नकार येतो, तेव्हा कारण हेच असते.

कायद्याविषयी

याबाबत घरोघरी गैरसमज आहेत. पैसे देऊन करून घेतलेल्या लग्नाच्या चित्रणावर हक्क कोणाचा? स्वामित्वहक्क कायदा, १९५७, याच्या १७ व्या कलमानुसार, वेगळा करार नसेल तर ज्याने मोबदला देऊन ते करवून घेतले त्याचा. स्टुडिओची परवानगी काढत बसण्याचे कारण नाही. मात्र पार्श्वभूमीला घातलेली चित्रपटगीते दुसऱ्याच्या मालकीची असतात. म्हणूनच ते चित्रण यूट्यूबवर चढवले की अनेकदा हरकत येते. घरच्या टॅबलेटवर पाहण्याला ती अडचण नाही.

विकत घेतलेल्या चित्रपटाचे तसे नाही. ‘करुणामयुडु’ हा १९७८ सालचा तेलुगू चित्रपट आपल्याकडे ‘दयासागर’ या हिंदी नावाने परिचित आहे. त्याची चकती तुमच्याकडे आहे असे समजा. कायद्याच्या ५२ व्या कलमात खासगी वापरासाठीच्या न्याय्य वापराला मुभा आहे. परंतु कारखान्यात निघालेल्या पुष्कळ चकत्यांवर कुलूप असते, आणि २०१२ साली आलेल्या ६५-अ कलमाप्रमाणे हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप काढण्यास त्याच कलमात सूट आहे. मात्र त्या कामी दुसऱ्याला साहाय्य करणाऱ्याने त्याच्या नाव-पत्त्याची नोंद ठेवावी लागते. आपल्या युवकांनी सेवाभावाने हे काम अंगावर घेण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे. आणि तयार फाइल धर्मग्रामाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हा खासगी वापर होत नाही, हेतू कितीही चांगला असो.

नावे लिहून ठेवावीत

फाइल तयार झाली की ती आरंभापासून अखेरपर्यंत एकदा पाहावी. पुष्कळदा ध्वनी मध्येच मागे पडलेला असतो किंवा दुसरी चकती उतरवायचीच राहिलेली असते. फाइलला ‘टायटल १’ असे नाव न ठेवता वर्ष, गाव आणि प्रसंग लिहावा : ‘२००६ मुदखेड लग्न भाग २’.

पाहताना शेजारी घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती बसलेली असावी आणि आपल्या हातात वही-पेन असावे. वर उल्लेखिलेल्या लग्नाच्या चित्रणात जेवणाच्या पंगतीत पन्नासेक माणसे दिसतात. घरातील मुलांना त्यांतील दहाही ओळखता येईनात. त्यांच्या आत्याने टॅबलेट थांबवत थांबवत एकेचाळीस नावे सांगितली, कोण कोणत्या गावचा हेही. ती यादी आता त्याच फाइलशेजारी ठेवलेली आहे. एक प्रत मुदखेडच्या घरी हार्ड डिस्कवर, दुसरी पुण्याच्या मुलाकडे, आणि मूळ चकती डबीत घालून, पत्र्यापासून दूर, खालच्या खोलीतील कपाटात उभी.