कृपासदन: माफीचं घर

'पोरगी एकदा चुकली की संपली,' हे वाक्य मी वाशिममध्ये लहानपणापासून ऐकलंय.

१८८३ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथं, लंडनच्या फुलहॅम भागात, समाजानं 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना ख्रिस्ती सिस्टर्स मायेनं सांभाळताना त्यांनी पाहिल्या. हे कशासाठी, असं विचारल्यावर त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट ऐकवली गेली. तिचं सगळं आयुष्य ठाऊक असूनही येशू विहिरीपाशी तिच्याशी बोलला, तिला झिडकारलं नाही.

पुढं पुण्याजवळ केडगावला रमाबाईंनी अशाच बायकांसाठी घर काढलं. नाव 'कृपासदन'.

आम्ही इंजिनिअर कोडमधली चूक दुरुस्त करतो, माणूस चुकला की ब्लॉक करतो. तुमच्या यादीत कोण आहे? बघा जरा. भेटू पुढच्या भागात!