गाण्याला गुण कोण देतं?

आज गाण्याबद्दल बोलायचं आहे. गाणाऱ्यांबद्दल आपण नेहमीच बोलतो, आज गाणं तोलणाऱ्यांबद्दल बोलू.

2008 साली झी मराठीवर 'सारेगमप'चं लहान मुलांचं पर्व सुरू झालं, 'लिटिल चॅम्प्स'. आपल्या जिल्ह्याला ते विसरणं शक्य नाही, कारण संगमेश्वर तालुक्यातल्या आरवलीचा प्रथमेश लघाटे त्यात होता. अलिबागची मुग्धा वैशंपायन, पुण्याची आर्या आंबेकर, लातूरचा रोहित राऊत, आळंदीची कार्तिकी गायकवाड आणि आपला प्रथमेश अशी पाच मुलं शेवटच्या फेरीत आली. लोकांनी त्यांना 'पंचरत्न' म्हटलं. परीक्षक होते अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, आणि निवेदन पल्लवी जोशींचं. गुण आकड्यांत नसत, सरगमीत असत. 'ध' मिळाला की बरं, 'नी' मिळाला की टाळ्या, आणि एखाद्या वेळी 'वरचा सा' मिळाला की घरात बसलेल्यांचेही डोळे भरायचे.

त्या वर्षी आमच्या वाडीत एक नवीन भाषा आली. जन्मात कधी पेटीला हात न लावलेल्या बाया दुसऱ्या दिवशी विहिरीवर बोलायच्या, 'काल त्याची पट्टी जरा वर झाली गो,' 'तिची हरकत कशी सुरेख आली.' सम, ठेका, मींड, शब्द स्वच्छ लागणं हे आपण भजनात करत होतोच, पण त्याला नाव देऊन बोलणं बायांना टीव्हीवरच्या परीक्षकांनी शिकवलं. या कार्यक्रमाला कोणी कितीही नावं ठेवोत, ही देणगी आम्हांला मोठी वाटते.

पण गाणं तोलणं हे काही टीव्हीने कोकणात आणलेलं नाही. आपली जाखडी आठवा. मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणतात. मध्ये ढोलकी, झांज घेऊन गाणारे आणि भोवती पायात चाळ बांधून नाचणारे. तिच्यात शक्तीवाले आणि तुरेवाले यांचा सामना होतो. शक्तीवाले म्हणतात प्रकृती थोर, पार्वती थोर. तुरेवाले म्हणतात पुरुष थोर, शिव थोर. गण होतो, गवळण होते, आणि मग सवाल-जवाब सुरू होतात. एकाने पुराणातला सवाल गाऊन टाकायचा, दुसऱ्याने गाऊनच तो सोडवायचा. इथे परीक्षक म्हणजे समोर बसलेला गाव. जवाब अडला की ते सगळ्या मांडवाला कळायचं, कोणी पाटीवर गुण लिहायची गरज नसायची. लोक शाहिराचा अभ्यास बघायचे, हजरजबाबीपणा बघायचे, आवाज खडा आहे की नाही ते बघायचे. शाहीर काळा की गोरा, याची चौकशी कोणी केल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. आता गंमत बघा, बाई थोर की पुरुष थोर हा वाद पिढ्यान् पिढ्या गायला गेला, आणि दोन्ही बाजूंनी गाणारे पुरुषच! बाया मागे बसून ऐकायच्या.

गाणारी बाई पुढे आली की तिचं तोलणं वेगळंच व्हायचं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नभोवाणी खातं सरदार पटेलांकडे होतं. त्या वेळी असं ठरलं की ज्या बाईच्या खाजगी आयुष्याबद्दल लोकांत बोललं जातं, तिला रेडिओवर गायला बोलवायचं नाही. म्हणजे आवाज ऐकण्याआधीच निकाल! ज्या घराण्यांतल्या बायांनी ठुमरी, दादरा, गझल जिवंत ठेवली, त्यांच्यासाठी दार असं बंद झालं. पुरुष गवयांच्या घरात कोणी डोकावून पाहिलं नाही.

मग 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. ते दहा वर्षं त्या खुर्चीवर होते. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कडवा अभिमानी. त्यांच्या काळात आकाशवाणीने कलाकारांची आवाज-चाचणी आणि श्रेणी पक्की केली: बी, बी हाय, ए आणि टॉप. कित्येक मोठे गवई चिडले. आयुष्यभर गाऊन आता आम्ही परीक्षा द्यायची का, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते काही अगदी चुकीचं नव्हतं. पण या चाचणीतली एक गोष्ट आम्हांला फार आवडते. परीक्षकांसमोर गाणारा येत नाही. नुसता आवाज येतो, नावसुद्धा नाही. मुलगी कुठल्या जातीची, लग्नाची की बिनलग्नाची, साडी कसली, काही दिसत नाही. उरतो तो सूर.

आता हेही सांगायला हवं की हीच आकाशवाणी 1940 पासून तीस वर्षं पेटीला नापास करून बसली होती. पेटीचे सूर ठरावीक, तिच्यातून मींड निघत नाही, आपल्या श्रुती तिच्यात मावत नाहीत, म्हणून रेडिओवर पेटी बंद! इकडे गावोगाव भजन पेटीशिवाय उभं राहत नव्हतं.

जाणकार कानसुद्धा फसतो. 1948 ची गोष्ट. संगीतकार गुलाम हैदर एका तरुण मुलीला 'शहीद' चित्रपटासाठी घेऊन गेले. निर्माते शशधर मुखर्जी म्हणाले, आवाज फार पातळ आहे. मुलगी परत गेली. गुलाम हैदरांनी त्याच वर्षी तिला 'मजबूर'मध्ये गायला लावलं. ती मुलगी लता मंगेशकर. मुखर्जी काही अडाणी नव्हते. त्या वेळी जड, भारी आवाजांची सवय होती, आणि कान सवयीने ऐकतो.

पुन्हा टीव्हीकडे येऊ. हिंदीत 1995 पासून 'सा रे ग म' सुरू होतं, सोनू निगम निवेदक होता. तेव्हा समोर मोठमोठे गायक-संगीतकार बसायचे आणि त्यांचा शब्द शेवटचा. पुढे मोबाईल आला आणि निकाल एसएमएसवर गेला. 2005 मध्ये पहिला 'इंडियन आयडल' मुंबईचा अभिजीत सावंत झाला. 2007 मध्ये तो मान दार्जिलिंगच्या प्रशांत तमांगला मिळाला. तो कोलकाता पोलिसांत नोकरीला होता. त्याच्यासाठी डोंगरातल्या गोरखा समाजाने वर्गणी काढून मतं पाठवली. आपल्या माणसाला कोणी तरी मोजावं, ही त्यामागची भूक होती. आपल्याकडेही दुसरं काय झालं? चौकाचौकांत फलक लागले, आणि रेंज मिळावी म्हणून मुलं टेकडीवर चढली. हा एसएमएस साध्यापेक्षा महाग असायचा आणि पैसा वाहिनीकडे नि मोबाईल कंपन्यांकडे जायचा, हे मात्र कोणी मोठ्याने बोललं नाही.

2009 च्या फेब्रुवारीत निकाल लागला. कार्तिकी जिंकली. आळंदीची, अभंग आणि लोकगीत खड्या आवाजात गाणारी पोर. त्यावर घराघरांत भांडणं झाली, आर्याच सुरेल होती, प्रथमेशवर अन्याय झाला वगैरे. आम्हांला वाटतं, दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घातल्या की असं होणारच. नाट्यपद, भावगीत आणि गवळण यांना एकच माप कसं लावणार?

मुलांचं तोलणं तर आणखी नाजूक. मुलग्याचा आवाज चौदा-पंधराच्या आसपास फुटतो, काल लागणारी पट्टी आज लागत नाही. त्यात त्याचा दोष काय? 2008 मध्येच कोलकात्यात टीव्हीवरच्या स्पर्धेत परीक्षकांनी टाकून बोलल्यावर एक मुलगी आजारी पडल्याची बातमी देशभर गाजली. पुढे राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने अशा कार्यक्रमांतल्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मराठी लिटिल चॅम्प्समधलं बोलणं त्या मानाने मायेचं होतं. चूक दाखवायचे, पण मुलाला खाली पाडायचे नाहीत.

2021 मध्ये 'लिटिल चॅम्प्स' पुन्हा आलं तेव्हा परीक्षकांच्या खुर्च्यांवर हीच पाच मुलं बसली होती, आता मोठी झालेली. आरवलीच्या मुलाच्या हातात गुण होते. कॅमेऱ्यासमोर लहान वयात उभं राहिलं की पोटात कसा गोळा येतो, हे माहीत असलेले परीक्षक आम्ही पहिल्यांदाच बघत होतो.

आता आपल्या घरची गोष्ट. नवरात्रात गावोगाव महिला भजन स्पर्धा होतात आणि बचत गटांतल्या बाया कधी गातात, कधी परीक्षक होतात. आम्ही अशा काही स्पर्धांच्या गुणपत्रिका पाहिल्या. सूर, ताल, शब्दोच्चार, पेटी-पखवाजाची साथ, आणि खाली एक रकाना, 'वेशभूषा'. एका स्पर्धेत त्याला वीस गुण होते, तालाला पंधरा! मग काय, सगळ्यांना एकसारख्या साड्या हव्यात. मोलमजुरी करणारी बाई त्या साडीसाठी गटातून कर्ज काढते. एका वाडीतल्या दोघी-तिघी साडी जमत नाही म्हणून मंडळातून गळल्या. त्यांतली एक पखवाज वाजवायची, आणि तिच्यासारखा हात पंचक्रोशीत दुसऱ्या बाईचा नाही.

यंदा दोन मंडळांनी आयोजकांना तो रकाना काढायला सांगितला आहे. एका मंडळाने आणखी पुढे जाऊन विचारलंय, पहिल्या फेरीत परीक्षक पाठ करून बसतील का? आयोजक म्हणतात, परीक्षकांना अपमान वाटेल. बोलणी चालू आहेत. घटस्थापनेला अजून अवकाश आहे, आणि पखवाजवाल्या बाईकडे निरोप गेलेला आहे.